जुन्या लाकडी रेसिंग डिंग्या: डागडुजी, शर्यती आणि थोडी वादावादी

शिडंभट

छंदांच्या धाग्यावर मी फायरफ्लायचा उल्लेख केला आणि बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की हे काय प्रकरण आहे. तिथे अवांतर नको, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला राहतो. आमच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे, त्यातच ही लाकडी फायरफ्लाय.

फायरफ्लाय म्हणजे १२ फुटी, दोघांनी चालवायची शिडाची डिंगी, म्हणजे छोटी उघडी होडी, मुद्दाम शर्यतीसाठी केलेली. आराखडा उफा फॉक्सचा. हा आयल ऑफ वाइटवरच्या काउझचा माणूस. १९२८ साली त्याने 'अव्हेंजर' नावाची १४ फुटी डिंगी शर्यतीत उतरवली आणि त्या मोसमात ५७ शर्यतींत ५२ वेळा पहिला आला. उरलेल्या पाचांत दोनदा दुसरा, तीनदा तिसरा! तोवरच्या होड्या पाणी कापत जायच्या. अव्हेंजर पुढून व्ही आकाराची आणि मागे सपाट. वारा भरला की ती स्वतःचीच लाट मागे टाकून पाण्यावरून घसरत सुटायची. आजच्या रेसिंग डिंग्या अजून त्याच वाटेने चालल्यात.

युद्ध संपलं तेव्हा फेअरी या विमान कंपनीच्या लोकांकडे लाकडाचे पातळ थर साच्यावर चिकटवून हवे तसे वळवायचं तंत्र होतं. हँबल नदीकाठी त्यांनी फेअरी मरीन काढली आणि १९४६ पासून तिथे फायरफ्लाय बनायला लागल्या. साच्यावर बर्चच्या पातळ पट्ट्या एकमेकींना तिरप्या लावायच्या, मधे सरस, वरून रबरी पिशवी. पिशवीतली हवा ओढून घ्यायची आणि सगळा साचा वाफेच्या दाबाच्या भल्या मोठ्या टाकीत ढकलायचा. बाहेर येते ती अख्खी होडी, एका तुकड्यात. फळ्या नाहीत, सांधे नाहीत. पहिल्या चार होड्यांची नावं फी, फाय, फो आणि फम. जॅक आणि शेंगेच्या वेलाच्या इंग्रजी गोष्टीतला राक्षस जे गुरगुरतो ना, तेच.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एकट्याने चालवायच्या शर्यतीला, एरवी दोघांची असली तरी, हीच होडी होती. शर्यती झाल्या इंग्लंडच्याच किनाऱ्यावर, टॉर्बेला. डेन्मार्कच्या विशीतल्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने पहिली शर्यत अर्धवट सोडली आणि तरी शेवटी सुवर्णपदक नेलं. पुढच्या तीन ऑलिंपिकमध्येही त्यानेच नेलं, ते फिन नावाच्या एकट्याने चालवायच्या होडीच्या वर्गात.

आता माझ्या होडीबद्दल. सांगाडा ठणठणीत, पण काठाच्या पट्टीखाली थर सुटले होते. पटाशीचं पातं ठेवलं की विनाप्रयास आत. वार्निशखाली काळे डाग, विशेषतः डोलकाठीच्या पायाशी आणि सेंटरबोर्डच्या (तळातून खाली सोडायच्या फळीच्या) पेटीच्या बुडाला. म्हणजे गोडं पाणी साचून राहिलेलं. खाऱ्या पाण्यात लाकूड एवढ्या लवकर कुजत नाही, पावसाच्या पाण्यात कुजतं. ताडपत्री घट्ट बांधून वर्षानुवर्षं ठेवलेल्या होड्या त्यामुळेच जातात. पाऊस आत शिरतो आणि वारा शिरत नाही.

माझं म्हणणं एवढंच की असली होडी वाचवायची ती शर्यतीत उतरवायला. भिंतीला टांगायची असेल तर फोटो टांगा. म्हणून माझी डागडुजीही त्याच हिशोबाने चालू आहे: जेवढं कुजलंय तेवढंच काढायचं आणि वजन वाढू द्यायचं नाही.

---

प्रॅक्टिकल पांडू

छान लिहिलंय. पण बाळबोध प्रश्न: वरून सरळ फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी (वाळून घट्ट होणारा रासायनिक चिकटा) मारून टाकलं तर? एकदाच खर्च, कायमची कटकट मिटली. आमच्याकडे गच्चीची गळती अशीच काढतात.

---

शिडंभट

पांडूशेठ, गच्चीला शर्यत लावायची नसते. :)

कापड लावलं की होडी दोन्ही बाजूंनी वजन पिते. कापडाचं वजन वेगळं, त्यात जिरलेल्या इपॉक्सीचं वेगळं. हलक्या वाऱ्यात १२ फुटी होडीला पाच-सहा किलो जास्तीचे म्हणजे पाठीवर कायमचं बोचकं. दुसरं म्हणजे आत ओल राहिलेल्या लाकडावर बाहेरून झाकण बसवलं तर कूज आतल्या आत चालूच राहते, फक्त आता ती दिसत नाही. हल्ली जुन्या होड्या विकत घेताना मी पहिल्यांदा हेच बघतो की कोणी कापड मारलेलं नाही ना. मारलेलं असेल तर किंमत निम्मी धरा.

---

खारफुटी

मालवणहून. आमच्या घरात दोन पिढ्या होड्या बांधल्या, मी नोकरीत पडलो. वरचं ओलीबद्दल अगदी खरं. पण फळ्यांच्या होडीचं शास्त्र अजून वेगळं आहे. आमच्याकडे फळी फळीला भिडवतात, फटीत तेल-राळेत भिजवलेला कापूस ठासतात आणि पाण्याखालच्या भागाला चुना नि तेल फासतात, किडा लागू नये म्हणून. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगून फटी आपोआप मिटतात. उन्हाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवली तर झापांनी झाकून, आत थोडं पाणी घालून ठेवायची. आजोबा ओरडायचे, "होडी उन्हात घालू नको रे, फळये आंग चोरतत!"

असल्या फळ्यांवर कोणी इपॉक्सी मारली तर फळीला फुगायला जागाच राहणार नाही. कुठेतरी तडकणारच.

तुमची ती एका तुकड्यातली होडी फुगत नाही ना?

---

शिडंभट

नाही, नगण्य. थर एकमेकांना आडवे-तिरपे असल्यामुळे एक थर फुगू म्हणाला तर दुसरा धरून ठेवतो. प्लायवुडचंही तेच. म्हणून साच्यातल्या आणि प्लायच्या होड्यांना इपॉक्सी चालते, सांध्यापुरती. पण फळीवर फळी चढवलेल्या क्लिंकर होड्यांना तुम्ही म्हणता तोच नियम. आपल्यातल्या एक ताई त्यातल्या जाणकार आहेत. ट्यूलिपताई, या आता.

---

ट्यूलिपकाठी

बोलावलंत म्हणून आले, नाहीतर रोमात (नुसती वाचत) होते. :)

आम्ही नेदरलँड्समध्ये, ॲम्स्टेलवेनला. नवऱ्याचा क्लब आहे, तिथे '१२ फुटी डिंगी' वर्गाच्या होड्या अजून शर्यत करतात. डच लोक तिला 'ट्वाल्फ-फुट्स-योल' म्हणतात. आराखडा १९१३ चा, जॉर्ज कॉकशॉट नावाच्या इंग्रज हौशी माणसाने केलेला. एकच शीड, बुटकी डोलकाठी, क्लिंकर बांधणी. शंभर वर्षं उलटून गेली तरी नेदरलँड्स, इटली आणि तुर्कस्तानात तिच्या शर्यती भरतात.

तिची ऑलिंपिकमधली हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९२० ला अँटवर्प ऑलिंपिकच्या शिडांच्या शर्यती बेल्जियमच्या ऑस्टेंडला होत्या. या वर्गात होड्या किती? दोन. दोन्ही डच. तिथली शर्यत काही धड पार पडेना, तेव्हा बेल्जियमवाल्यांनी विचार केला की दोघेही त्यांचेच आहेत, तर उरलेलं त्यांनी घरी जाऊन उरकावं. आणि उरकलंही. ऑलिंपिकचा निकाल दुसऱ्याच देशात, ॲम्स्टरडॅमजवळ लागला! १९२८ ला ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ही होडी पुन्हा होती. तेव्हा मात्र सुवर्ण स्वीडनच्या स्वेन थोरेलने नेलं, यजमान बघत राहिले.

क्लिंकरबद्दल: प्रत्येक फळीची कड खालच्या फळीवर चढलेली असते आणि दोन्हींतून तांब्याचा खिळा आरपार जातो. आतल्या बाजूला खिळ्यावर तांब्याची छोटी वाटीसारखी चकती ठोकायची, खिळ्याचं टोक कापायचं आणि गोल डोक्याच्या हातोडीने चेचून चकतीवर बसवायचं. दोन माणसं लागतात. एक बाहेरून जड लोखंड खिळ्याच्या डोक्याला टेकवून धरतो, दुसरा आतून ठोकतो. मी बाहेरची. खिळा नीट बसला की ठोक्याचा आवाज बदलतो, बोथट असतो तो खणखणीत होतो. तो ऐकून मीच आतल्याला "बास" सांगते, कारण त्याला होडीच्या पोटात त्याच्याच ठोक्यांशिवाय काही ऐकू येत नाही.

आणि हो, फटीत सिलिकॉन भरणाऱ्यांना माझ्या क्लबात प्रवेशबंदी आहे. ते एकदा लाकडात गेलं की त्यावर पुन्हा वार्निश, सरस, काहीच चिकटत नाही.

---

चर्चगेट लोकल

जबरदस्त धागा. मुंबईकरांनी हजेरी लावायला हवी म्हणून लिहितो.

१९८२ च्या आशियाई स्पर्धा दिल्लीला झाल्या, पण शिडांच्या शर्यती आपल्या मुंबईत होत्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक जिंकलं. फायरबॉल म्हणजे पीटर मिल्नने १९६२ मध्ये काढलेली चपट्या नाकाची प्लायवुडची होडी. त्याच स्पर्धेत एंटरप्राइज वर्गाचं सुवर्ण पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी या नवरा-बायकोने नेलं. म्हणजे मुंबई बंदरात पारशी विरुद्ध पारशी असं काहीसं चाललं होतं, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी.

एंटरप्राइजबद्दल कोणीतरी लिहा ना. आपल्याकडे बहुतेकांनी पहिलं शीड तिच्यातच धरलंय.

---

जुना छात्र

एंटरप्राइजबद्दल मी लिहितो. खडकवासल्याला एनडीएत होतो. तिथे जलाशयावर पीकॉक बे आहे, छात्रांचं पाण्यातलं सगळं शिक्षण तिथे. आमच्या वेळी शिडाच्या होड्या म्हणजे एंटरप्राइजच. ढगासारखी निळसर शिडं, शिडावर 'ई'. सिंहगडाच्या बाजूने वारा कधी येईल आणि कधी दगा देईल याचा नेम नसे. डोंगरावरून झोत खाली आला की बेसावध होडी आडवी. आडवी होडी सरळ कशी करायची हे शिकवावं लागलं नाही, सवयच झाली.

आराखडा जॅक होल्ट यांचा, १९५६ सालचा. न्यूज क्रॉनिकल या वर्तमानपत्राने तिची जाहिरात केली होती. दोन होड्यांनी रात्रीतून इंग्लिश खाडी ओलांडली आणि गाजावाजा झाला. वर्तमानपत्र चारच वर्षांत बंद पडलं, होडी अजून आहे. तळाला दोन ठिकाणी धारदार वळण दिलेलं असल्यामुळे सपाट प्लायचे तुकडे वाकवून ती बांधता येते. घरच्या घरी सुटे भाग जोडून बांधायची सोय याच रचनेमुळे झाली. याच होल्ट यांनी पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी बकनेलबरोबर मिरर डिंगी केली. तिचे प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि वरून फायबरग्लासच्या पट्ट्या व रेझिनने सांधायचे. लाल शिडं, डेली मिररचं नाव. शिंप्याचं काम जमेल त्याला होडी जमेल असा मामला. ७० हजारांच्या आसपास बनल्या.

खंत एकच. आपल्याकडे काही ठिकाणी प्लायच्या जुन्या एंटरप्राइज झाडाखाली पालथ्या पडून आहेत, नाव घेत नाही. फायबरच्या आल्यावर त्यांच्याकडे कोणी बघेना. त्यातल्या निम्म्या तरी उभ्या राहतील.

---

प्रॅक्टिकल पांडू

पुन्हा मीच. समजा उभ्या राहिल्या. फायबरच्या नव्या होड्यांपुढे या जुन्या डिंग्या शर्यतीत कशा टिकणार? शेवटून पहिला नंबर काढायला एवढा खटाटोप?

---

शिडंभट

चांगला प्रश्न. शेवटून पहिलं येणारी होडी कागदावर जिंकू शकते. इथे क्लबांत वेगवेगळ्या वर्गांच्या होड्या एकत्र शर्यत करतात तेव्हा 'पोर्ट्समथ यार्डस्टिक' लावतात. प्रत्येक वर्गाला एक आकडा असतो. लागलेले सेकंद गुणिले १०००, भागिले तो आकडा, म्हणजे हिशोबाची वेळ. मर्लिन रॉकेट या वेगवान १४ फुटी डिंगीचा आकडा साधारण ९८०, फायरफ्लायचा ११७० च्या आसपास. म्हणजे मला एक तास लागला तर माझ्या बरोबरीला येण्यासाठी मर्लिनला सव्वापन्नास मिनिटांत शर्यत संपवावी लागते. तो एक्कावन्न मिनिटांत आला तर पाण्यावर तो माझ्या नऊ मिनिटं पुढे आणि निकालपत्रात मी वर. त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

शिवाय फक्त जुन्यांसाठी क्लासिक अँड व्हिंटेज रेसिंग डिंगी असोसिएशन आहे. त्यांच्या मेळ्यांना युद्धापूर्वीच्या १४ फुटी डिंग्या, १९३६ साली सुरू झालेल्या नॅशनल ट्वेल्व्हच्या जुन्या होड्या, १९५० च्या दशकातली मर्लिन रॉकेट असं सगळं जमतं. सकाळी शर्यत, दुपारी एकमेकांच्या होड्यांखाली आडवं पडून तळ बघणं. मला खरी मजा त्या दुपारच्या भागात येते.

आणि फायरफ्लाय तर अजून कामावर आहे. विद्यापीठांच्या सांघिक शर्यती आणि वेस्ट कर्बीची विल्सन ट्रॉफी याच वर्गात होतात. होड्या आता फायबरच्या, आकार तोच.

---

ट्यूलिपकाठी

+१. आणि पांडूजी, जुन्यांच्या शर्यतीतले किस्से वेगळेच. १९३८ ला प्रिन्स ऑफ वेल्स चषकात 'थंडर अँड लायटनिंग' नावाची १४ फुटी डिंगी होती. पीटर स्कॉट आणि जॉन विंटर चालवत होते. डोलकाठीवरून तार सोडून एक जण चक्क होडीच्या बाहेर पाण्यावर आडवा लटकला. ते जिंकले आणि लगोलग तो प्रकार त्या वर्गात बंद केला गेला! आज त्याला ट्रॅपीझ म्हणतात आणि निम्म्या वेगवान डिंग्या त्याच्याशिवाय चालत नाहीत. हा पीटर स्कॉट म्हणजे दक्षिण ध्रुवावरून परत न आलेल्या कॅप्टन स्कॉटचा मुलगा, पुढे जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांपैकी एक.

---

खारफुटी

अवांतर: इंग्लंडात असाल तर हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' बघून या. १८१७ साली मुंबईत वाडियांच्या गोदीत बांधलेलं सागवानी लढाऊ जहाज, अजून पाण्यावर आहे. डिंगी नव्हे, पण लाकडाला दोनशे वर्षं होऊन गेली.

---

गच्चीवाली

सगळा धागा एका दमात वाचला. आता माझा प्रश्न, गंभीरपणे. पुण्यात राहते, सुतारकामाची हौस आहे, घरातलं फर्निचर मीच केलंय. एक मोडकी प्लायची एंटरप्राइज मिळू शकते. तळाला हात जाईल एवढं भोक, मागच्या फळीचे दोन्ही कोपरे भुसभुशीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करायची परवानगी मिळवलीये, चेअरमनना एक फेरी कबूल करून. सुरुवात कुठून करू? आणि आपल्याकडचा मरीन प्लाय खरोखर मरीन असतो का?

---

जुना छात्र

शाब्बास! चेअरमनना लाइफ जॅकेट घाला म्हणजे झालं.

प्लाय घेताना आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. दुकानदार "पाण्यात चालतो" म्हणून दुसरंच काही देतात, त्यांचं पाणी म्हणजे स्वयंपाकघरातल्या सिंकचं. आयएस ७१० ला तुकडा ७२ तास उकळून सरस सुटतो का हे तपासतात. तुम्ही एवढं करू नका, पण हातभर तुकडा मागून आणा, त्यातली एक पट्टी चार-पाच तास उकळा, वाळवा आणि पटाशीने थर उचकटून बघा. लाकूड फाटलं तर उत्तम. थर पापुद्र्यासारखा स्वच्छ निघाला तर दुकान बदला. कापलेल्या कडेकडेही बघा, आतल्या थरात पोकळ्या दिसल्या तर नको. आपल्याकडचा मरीन प्लाय बहुधा गर्जनचा असतो, टिकाऊ पण जड. म्हणून जुनी जाडी मोजा आणि तेवढाच घ्या, "मजबुतीसाठी" एक नंबर वरचा घेऊ नका.

---

शिडंभट

छात्रसरांनी प्लायचं सांगितलंच, मी क्रमाचं सांगतो.

आधी काहीही कापू नका. होडी सावलीत, हवेशीर जागी पालथी ठेवून चांगले काही आठवडे वाळू द्या. पुण्यात हे काम दिवाळीनंतर धरा, पावसाळ्यात वाळवणं व्यर्थ. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे टकटक करा. जिथे आवाज बद्द येतो तिथे पेन्सिलने रेघ मारा. पेन्सिलीचा नकाशा भोकापेक्षा बराच मोठा निघतो, घाबरू नका.

तळाचं भोक नुसत्या ठिगळाने बुजवायचं नाही. कूज संपून घट्ट लाकूड लागेल तिथपर्यंत कापा, मग जुन्या प्लायची कड आणि नव्या तुकड्याची कड दोन्ही तिरप्या रंधून एकावर एक बसवा. उतार जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिमी प्लायला ४८ मिमी लांब. रंधताना प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. पट्ट्या सरळ आणि समांतर दिसल्या की उतार बरोबर आहे, दुसरं मोजमाप लागत नाही. मग आधी नुसती इपॉक्सी चोळायची, ती लाकडात जिरली की घट्ट केलेली लावायची. क्लॅम्प फार आवळू नका, सगळी इपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो.

मागच्या फळीचे कोपरे भुसभुशीत असतील तर आख्खी फळी बदलायची तयारी ठेवा. सुकाणू तिलाच टांगलेलं असतं, तिथे तडजोड नको. जुने पितळी स्क्रू काढताना डोकं तुटून हातात येईल. गुलाबी झालेलं पितळ म्हणजे त्यातलं जस्त निघून गेलं, आत राम उरला नाही. नवे लावताना सिलिकॉन ब्राँझचे मिळतात का बघा.

काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवून. वार्निशचा पहिला हात निम्मं थिनर घालून, पातळ. इपॉक्सी लागली असेल तिथे वार्निश किंवा रंग हवाच, उन्हाने इपॉक्सी पिवळी पडून भुकटी होते. आणि पुण्याचं ऊन म्हणजे...

---

गच्चीवाली

अरे बापरे, दिवाळीपर्यंत थांबायचं? ठीक आहे. तोवर टकटक करते. मागच्या फळीला सागवान चालेल का, की तोही जड?

---

खारफुटी

चालेल, पण सागाला अंगचं तेल असतं, इपॉक्सी पटकन धरत नाही. चिकटवायच्या आधी सांध्याची जागा ॲसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा, दुसऱ्या दिवशी नको. कोपऱ्याचे ठोकळे मात्र सागाचेच करा, वजन कितीसं वाढणार. आकार नीट येईना तर फोटो टाका, आमच्याकडचे सुतार बघून सांगतील.

---

प्रॅक्टिकल पांडू

ताई, पार्किंग कुठल्या भागात? रविवारी मोकळा असतो. क्लॅम्प माझ्याकडे आहेत, गच्चीच्या कामाचे उरलेले.